योगराज मागितला, महायोगराज मिळाला

‘हा घ्या काकू, योगराजपेक्षा भारी,’ म्हणत दुकानदाराने डबी पुढे सरकवली. पिशवीत टाकायच्या आधी चष्मा लावला म्हणून बरं. मी मागितला होता योगराज गुग्गुळ; डबीवर ‘महायोगराज गुग्गुळ’ होतं.

हे ‘महा’ म्हणजे जरा जास्त ताकदीचं, एवढंच नाही. योगराजात सुंठ, पिंपळी, चित्रक, त्रिफळा असं सगळं झाडपाल्याचं. महायोगराजात त्यावर भस्मं पडतात. त्यात नागभस्म, म्हणजे शिसं, आणि रससिंदूर, म्हणजे पारा-गंधक. पाऱ्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापायची कायद्यानं सक्ती आहे. पण इंग्रजी आणि हिंदीत. गुडघे धरून दुकानाची पायरी चढणाऱ्या किती आजींना ते वाचता येतं? ही सूचना मराठीत हवी, आणि चिठ्ठीशिवाय अशी डबी हातात पडता कामा नये.

माझे वडील, अण्णा, वैद्य होते. गुग्गुळाची पुरचुंडी त्रिफळ्याच्या उकळत्या काढ्यात लोंबकळत सोडायचे. चीक विरघळून खाली उतरे, फडक्यात वाळू, साल, काड्या उरत. तो काढा पुन्हा आटवून, तुपाचा हात लावून कुटायचं काम आम्हा पोरांकडे; खांदे भरून येत. हे शोधन टाळलं तर गुग्गुळ पोटात आग करतो, अंगावर पुरळ उठवतो. कच्छ-राजस्थानातलं गुग्गुळाचं झुडूप चिकासाठी घाव घालघालून इतकं मारलंय की आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणून स्वस्त गुग्गुळ दिसला की मला आधी भेसळ आठवते.

रोग्याला पुडी देण्याआधी अण्णा विचारत, ‘दुसरं काय चालू आहे?’ बाई गरोदर असेल तर गुग्गुळ नाहीच. आता हा प्रश्न जास्तच गरजेचा झालाय. डिल्टियाझेम, प्रोप्रानोलॉल या गोळ्या गुग्गुळासोबत घेतल्या तर रक्तात कमी उतरतात. रक्त पातळ करणारी किंवा थायरॉइडची गोळी असेल तरी विचारूनच घ्यायचा. आणि आपण? डॉक्टरांपासून आयुर्वेदिक लपवतो, वैद्यांपासून बीपी.

मी डबी परत केली आणि माझ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यात डिल्टियाझेम होती. डॉक्टरांनी माझ्यासमोरच माझ्या वैद्यांना फोन लावला. दोघांचं दोन मिनिटांत एकमत झालं, गुग्गुळ नको. सध्या निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालू आहे.