किमान वेतन आणि छाटबिडी



किमान वेतनाविषयी दोन ठाम मते नेहमी कानी पडतात. दर वाढवला की मजूर सुखी होईल, असे एक मत. दर वाढवला की मजुराचे कामच जाईल, असे दुसरे. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीपासून गोंदियापर्यंतच्या या धानाच्या आणि तेंदूपानांच्या मुलखात दोन्ही मते अपुरी पडतात, हे बिडी-उद्योगाच्या इतिहासावरून दिसून येते.

बिडीची मजुरी दिवसावर नसून हजारावर मिळते. मालक स्वतः क्वचितच समोर येतो. पाने-तंबाखू देणारा आणि वळलेला माल मोजून घेणारा असतो तो सट्टेदार. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली तत्कालीन मुंबई राज्याने जून १९५८ मध्ये विदर्भातील बिडी मजुरांसाठी दर ठरवले आणि त्याच अधिसूचनेत ‘छाट’ म्हणजे नापसंत ठरवलेल्या बिड्यांविषयीही नियम घातले. गोंदियाची व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९६१ मध्ये न्यायालयाने छाटीविषयीची कलमे अधिकाराबाहेरची ठरवली. शासनाने वेतनाचा दर ठरवावा, पण कराराच्या इतर अटी या कायद्याखाली बदलता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय सुसंगत असेलही. परंतु सुपावर वाकलेल्या बाईचा हिशेब निराळा असतो. समजा, दर दहा टक्क्यांनी वाढला आणि पूर्वी जेथे काहीच छाट नव्हती तेथे हजारात शंभर बिड्या छाटल्या जाऊ लागल्या. मग घरी येणारा पैसा पूर्वीपेक्षा किंचित कमीच भरतो! पाने कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणायची, हे आणखी वेगळे. छाटीचे व कच्च्या मालाचे तंटे सोडवण्याची तरतूद झाली ती १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात.

काम जाण्याची भीती मात्र निराधार म्हणता येत नाही. हा कायदा केरळमध्ये लागू होताच १९६८ मध्ये मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने कण्णूर भागातील कारखाने बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे तसे काही घडले नाही, याची खंत वाटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. पूर्वी केवळ अनुसूचीतील कामांना किमान वेतन लागू होते, आता ते सर्वच कामगारांना आहे. केंद्राने ठरवलेल्या तळदराखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. स्वस्त मजुरीच्या शोधात राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या या धंद्याला ही तरतूद महत्त्वाची ठरावी.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात, करार राजीखुशीने झाला तरी मजुराच्या साध्या निर्वाहाला न पुरणारे वेतन अन्यायाचेच ठरते, असे प्रतिपादन केले होते. सध्याचे पोप चौदावे लिओ यांनी २०२५ मध्ये हे नाव घेताना याच विश्वपत्राचे स्मरण केले.

आपल्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी बिड्या वळतात, त्यांनी माल देताना एकूण नग आणि छाटलेले नग या दोन्हींची नोंद त्याच दिवशी वहीत करून घ्यावी. तक्रार करायची वेळ आलीच, तर हाती पुरावा तेवढाच असतो.