आधी चालणाऱ्याचे चार फूट!

जुळे सोलापूर ‘माळावर वसले’ असे आमच्या शुक्रवार पेठेत कुणी म्हटले की मला राग येतो. आधी तिथे काहीच नव्हते की काय? मजरेवाडी होती, कुमठे होते, सोरेगाव होते. काळ्या रानात शाळू डोलत होता आणि त्यातून गाडीवाटा जात होत्या. 1992 साली हद्दवाढ झाली, ही गावे शहरात आली. वाटांवर खडी पडली, डांबर पडले, दुतर्फा दुकाने उठली.

रस्ता नको, असे कोण म्हणतो? पावसाळ्यात गाडी तुंब्यापर्यंत रुतली म्हणजे काय हाल होतात, ते चाकाला खांदा देणाऱ्याला विचारा. माझी तक्रार निराळी आहे. गाडीवाट होती ती दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी हात-दोन हात जमीन सोडली म्हणून. बांधावरून भावाभावांची डोकी फुटत, तरी वाट सुटे! कुणी अडवलीच, तर 1966 च्या महसूल संहितेचे 143 वे कलम आहे. तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो.

म्हणजे कडब्याच्या गाडीला कायद्याने वाट. आणि दप्तरवाल्या पोराला? पदपथावर दुकानाची पायरी, पायरीपुढे पाटी, पाटीपुढे फटफटी. पोर डांबरावर, ट्रकच्या कडेने! ‘रस्ता ओलांडता येईना, सर,’ हे उशिरा येण्याचे कारण मी हल्ली मुकाट्याने मान्य करतो.

रस्ता आखताना आधी चालणाऱ्याचे चार फूट मोजा; उरेल त्यात गाड्या, पाट्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस बसवा.