काठावर पास होणारी टीम

"तू कोणाचा?"

हॉस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. आधी वाटलं गाव विचारतायत. मग कळलं, टीम विचारतायत! आमच्या विंगमध्ये चार मँचेस्टर युनायटेडवाले, तीन बार्सावाले, दोन लिव्हरपूलवाले आणि एक बिचारा सगळ्यांच्या मॅचेस बघून कोणाचाच नसलेला. मी आपलं खरं काय ते सांगितलं.

"मुंबई एफसी."

"मुंबई सिटी म्हणायचंय का तुला?"

"नाही. मुंबई एफसी."

"ती कुठली रे?"

"होती एक."

त्यानंतर वर्षभर माझं नाव 'होती एक' असंच पडलं होतं. असो. आता मासिकाच्या संपादकांनी "काहीही लिही, पण वेळेत दे" म्हटल्यावर ठरवलं, एकदा नीट सांगून टाकू.

तर मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या डिव्हिजनमधून लगेच वर आला आणि २०१७ पर्यंत आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. या काळात त्यांनी लीग जिंकली का? नाही. जिंकायच्या जवळपास तरी आले का? छे! दरवर्षी एकच प्रश्न असायचा, यंदा वाचतो की जातो? आणि दरवर्षी वाचायचा. काही वर्षं तर कूपरेजचं काम चालू असल्यामुळे टीमच्या 'घरच्या' मॅचेस पुण्याला बालेवाडीत व्हायच्या. घरच्या मॅचला एक्सप्रेसवेचा टोल भरून जायचं, हे भाग्य जगात किती फॅन्सना लाभलं असेल?

मला हे वेड लावलं मामाने. मामा चर्चगेटजवळ एका बँकेत होता. रोव्हर्स कपच्या आठवणी काढल्याशिवाय त्याला चहा जात नसे. महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये नॅशनल लीग जिंकली तेव्हा त्याने ऑफिसात पेढे वाटले होते, आणि २०१० मध्ये तीच टीम कंपनीने बंद केली तेव्हा आठवडाभर कोणाशी धड बोलला नव्हता (हे मामीकडून). नंतर म्हणाला, "मुंबईत ही टीम राहिलीय ना, आता तीच आपली." निवड वगैरे काही नाही. शेजारी जसे आपण निवडत नाही, तसं.

कूपरेजला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौथीत होतो. बाहेर रस्त्यावर नरिमन पॉइंटच्या गाड्यांची गर्दी, आत अर्धं रिकामं स्टँड. कृत्रिम हिरवळ दुपारच्या उन्हात तापली की तिच्यातून रबराचा एक वास येतो, तो मला अजून कुठेही आला तरी फुटबॉल आठवतो. एका कोपऱ्यात पिवळ्या जर्सीतली 'यलो ब्रिगेड' घसा फोडून ओरडत असायची. बाकी मग मामासारखे रिटायरमेंटच्या आसपासचे लोक, शेंगदाण्याच्या पुड्या आणि शाळेतून आणलेली पोरं. स्टँड इतकं शांत व्हायचं मधेमधे की खेळाडू एकमेकांना काय ओरडतायत ते ऐकू यायचं, आणि वाईट म्हणजे आम्ही काय ओरडतोय ते त्यांनाही!

खेळ? खरं सांगू, कंटाळा यायचा. टीव्हीवर मेस्सी बघितलेल्या पोराला तो फुटबॉल म्हणजे शिक्षाच. दहा माणसं मागे, बॉल आला की लांब लाथ, थ्रो-इन मिळाला तरी टाळ्या. शून्य-शून्य, एक-एक. मी मामाला विचारायचो, "मामा, आपण गोल का करत नाही?" मामा शेंगदाण्याचं साल फुंकत म्हणायचा, "एक पॉइंट मिळतोय ना? गप बस."

या सगळ्यामागे बाजूला उभा असलेला एक गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. खालिद जमील. आधी याच टीमचा खेळाडू, दुखापतींनी खेळणं संपलं तेव्हा २००९ मध्ये तिशी नुकती ओलांडलेली असतानाच कोच झाला. पैसा कमी, मोठी नावं नाहीत, घरचं ग्राउंड कधी आहे कधी नाही. अशा टीमला घेऊन या माणसाने सात वर्षं लीगमध्ये टिकवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सेमिस्टरला चाळीस मार्क. डिस्टिंक्शन नाही, फर्स्ट क्लास नाही, पण केटीही नाही. आता आपल्यातल्या ज्यांनी एम-थ्री चाळीसवर काढलाय त्यांना ठाऊक आहे की त्या चाळीसला किती अक्कल लागते. काय सोडायचं, काय घोकायचं, कुठे वेळ घालवायचा नाही, याचा पूर्ण हिशेब असतो तो. टॉपरला हा हिशेब कधी करावाच लागत नाही, म्हणून त्याला तो दिसतही नाही.

मला तेव्हा दिसला नव्हता. इथे एक कबुली द्यायला हवी. "खालिद हटाव" म्हणणाऱ्यांत मी होतो. दहा-अकरा वर्षांचं पोर, रेलिंगला लटकून, बारीक आवाजात. एकदा त्याने मागे वळून बघितलं असं मला वाटलं. मामाने कॉलर धरून खाली बसवलं. पण मामाही काही साधू नव्हता. त्याचंही म्हणणं होतंच की आता जरा नवीन काहीतरी हवं, किती दिवस हे बचाव-बचाव बघायचं!

२०१६ मध्ये खालिद आणि क्लब वेगळे झाले. आम्ही खूश!

पुढचं ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसायला लागले असतील. खालिद गेला मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे. ही टीम आदल्या हंगामात लीगमधून खाली गेली होती. गोव्याच्या क्लब्जनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून यांना परत घेतलं. म्हणजे तेही ग्रेस मार्कांवर आलेले. सोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता, दोघेही आमच्या मुंबई एफसीमध्ये खेळून गेलेले. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये त्यांनी लाजाँगशी एक-एक अशी बरोबरी केली आणि मोहन बागानला एका पॉइंटने मागे टाकून आय-लीग जिंकली. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

बरोबरी. एक पॉइंट.

आणि मुंबई एफसी? दहा टीम्समध्ये दहावी. सुरुवात बरी झाली होती, मग जी गाडी घसरली ती घसरलीच. मध्येच कोच बदलला, काही उपयोग झाला नाही. एकाच टेबलात वर आमचा जुना कोच आणि तळाला आमची टीम. मामाने पेपरातलं ते टेबल बराच वेळ बघितलं आणि मग घडी करून रद्दीत ठेवलं. एक शब्द बोलला नाही.

खाली गेलो याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. खाली गेलेले वर येतात, हे बाराव्या वर्षीही कळत होतं. पण मुंबई एफसी राष्ट्रीय लीगमध्ये पुन्हा कधी दिसलीच नाही. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पडून, दोन वर्षं धूळ खाऊन परत येण्याची गोष्ट घडलीच नाही. त्याच आसपास पुण्यातही हेच चाललं होतं. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, शेवटी २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. पाच वर्षांत चार क्लब!

माझा रूममेट इंग्लंडच्या संडरलंडवरची ती प्रसिद्ध डॉक्युमेंटरी सिरीज बघत होता. मी सहज बसलो आणि उठलोच नाही. कारण संडरलंड प्रीमियर लीगमधून खाली गेलं ते २०१७ मध्येच, आणि तेही तळाला राहून. पुढच्या वर्षी अजून एक पायरी खाली, तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. आणि तिथे, तिसऱ्या दर्जाला, २०१८ च्या नाताळातल्या एका मॅचला सेहेचाळीस हजार लोक! मालक बदलले, मॅनेजर किती बदलले गणती नाही, पण शनिवारी लोक येतच राहिले. २०२५ मध्ये वेम्बलीवर अगदी शेवटच्या क्षणी गोल करून ते परत प्रीमियर लीगमध्ये आले. रूममेट म्हणाला, "काय सॉलिड फॅन्स आहेत राव." आहेतच. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्यांना हारायला आठ वर्षं मिळाली. आम्हाला एकच मिळालं.

आता कोणी म्हणेल की सेहेचाळीस हजार येतात म्हणून क्लब टिकतो, तुमच्याकडे शेंगदाणेवाले धरून कितीसे होते? बरोबर आहे. आम्ही कमी होतो. पण संडरलंडचे लोक काही टीम चांगली म्हणून जमलेले नाहीत, तिथे आजोबांपासून शंभरावर वर्षं ती पडत-उठत आलीय. आमच्याकडे दहाव्या वर्षी नापास झाली की शाळेतून नाव काढलं. मालकांना दोष देणं सोपं आहे, त्यांचे पैसे जात होते, आपले नाही. पण मुंबईसारख्या शहरात टीम म्हणजे कोणाच्या तरी ताळेबंदातली एक ओळ, एवढंच असेल तर ती ओळ कधीतरी खोडली जाणारच. २०१४ ला सुरू झालेल्या आयएसएलमध्ये पहिली दहा वर्षं तरी खाली जाणं हा प्रकारच नव्हता, तेव्हा वाटलं चला, ही पोरं तरी सुरक्षित आहेत. मुंबई सिटीने दोनदा लीग आणि दोनदा कप जिंकला, मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आणि मग २०२५ च्या जुलैमध्ये पुढचा अख्खा हंगामच लटकला. तेव्हा विंगमधला एक मुंबई सिटीवाला माझ्या खोलीत येऊन बसला होता. काही बोलला नाही. मी मॅगी केली.

त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला. सप्टेंबरमध्ये त्याच्या टीमने ओमानला पेनल्टीवर हरवून ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत तिसरा नंबर काढला. सगळीकडे जयजयकार. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून एक-दोन हरलो, २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली. आमच्या कॉमन रूममध्ये त्या रात्री एक फर्स्ट इयरचा पोरगा टीव्हीवर उशी फेकून म्हणाला, "काय डिफेन्सिव्ह माणूस आहे हा, काढा याला!"

आवाज ओळखीचा वाटला. मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर काय बोललो असतो?

मामाचा फोन आला दुसऱ्या दिवशी. मॅचबद्दल चकार शब्द नाही. "कूपरेजला गेलायस का इतक्यात?" एवढंच विचारलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा गेलो. कुठल्यातरी स्थानिक लीगची मॅच चालू होती. स्टँडमध्ये तीसेक माणसं, रबराचा तोच वास. एक टीम सरळसरळ कमजोर होती. नऊ-दहा जण मागे, बॉल आला की लांब लाथ. त्यांच्या गोलकीपरच्या गुडघ्याला बँडेज होतं. मला दोन्ही टीम्सची नावं माहीत नव्हती. हाफटाइमला निघणार होतो, सव्वासहाची फास्ट पकडायची होती. पण शून्य-शून्य होतं, म्हणून थांबलो.