थोर खेळाडू कोणता?

वांद्र्याच्या आमच्या घरीं परवां रात्रीच्या पंगतींत वाद रंगला: बिलियर्ड्सचा सर्वांत थोर खेळाडू कोण? दादांचा कौल पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांस. १९५८ सालीं कलकत्त्यास व १९६४ सालीं न्यूझीलंडांत ते हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. सूनबाईंनीं मुंबईचे मायकेल फरेरा पुढें केले. १९७८ सालीं एकाच ब्रेकमध्यें ११४९ गुण! पुतण्या म्हणाला, "धंदेवाईकांत गीत सेठी, आणि पुण्यासच जन्मलेल्या पंकज अडवाणींचीं तर २०२४ अखेर २८ जागतिक विजेतेपदें!"

आम्हांस वाटतें, नुसती बेरीज हा न्याय नव्हे. अडवाणींच्या बेरजेंत स्नूकरहि आहे. जोन्स यांच्यापूर्वीं मात्र या खेळांत एकहि भारतीय जगज्जेता नव्हता. वाट पाडणाराचें माप निराळें.

दादा प्रसन्न झाले. तोंच पुतण्यानें हा खेळ शिकण्याची परवानगी मागितली, आणि दादा गरजले, "क्लबांतले रिकामटेकडे उद्योग नकोत!"

वाचकहो, ज्याची आरती आपण ओवाळतों, त्याचीच काठी घरच्या मुलाच्या हातीं दिसतांच आपण कां दचकतों? आधीं याचा निकाल लावूं. थोर कोण, तें मग पाहूं.