गॅमा कॅमेऱ्यामागचा कामगार

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत विकासाची भाषा आता इतकी रुळली आहे की, नव्या इमारतीचे वा नव्या यंत्राचे कोणाला विशेष अप्रूप राहिलेले नाही. २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. अशा ठिकाणी कर्करोगाच्या, हृदयाच्या, थायरॉइडच्या तपासणीची मोठी यंत्रेही यावीत, ही मागणी स्वाभाविक आहे आणि आम्ही तिच्या बाजूचेच आहोत. मात्र या मागणीतून एक गोष्ट नेहमी गळते. यंत्राची किंमत सांगितली जाते, उद्घाटक ठरतो, कोनशिला बसते. पण ते यंत्र चालविणारी माणसे किती, कोणत्या पदावर आणि कोणत्या कराराने नेमणार, हे कोणी विचारीत नाही. न्यूक्लिअर मेडिसिन या शाखेत ही हयगय केवळ प्रशासकीय राहत नाही. ती त्या माणसाच्या शरीराच्या हिशेबात लिहिली जाते.

ही शाखा सामान्य वाचकास अपरिचित आहे, म्हणून थोडे विवरण आवश्यक आहे. क्ष-किरणाच्या खोलीत किरण यंत्रातून निघतात; कळ बंद केली की किरणही थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये क्रम उलटा असतो. किरणोत्सारी द्रव्य रुग्णाच्या शिरेत टोचले जाते, ते हाडात, मूत्रपिंडात वा हृदयाच्या स्नायूत जाऊन बसते, आणि मग रुग्णाच्या देहातूनच बाहेर येणारे किरण गॅमा कॅमेरा टिपतो. अवयव दिसतो कसा, यापेक्षा तो काम करतो कसा, हे या चित्रातून कळते. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे काय, याचा शोध याच मार्गाने घेतात. परंतु रुग्णाला टोचलेले हे द्रव्य कळ दाबून बंद करता येत नाही. ते आपल्या वेळेनेच विझते, आणि तोवर त्या रुग्णाजवळ जो उभा राहील त्याच्यापर्यंत ते पोहोचते. दिवसभर असे रुग्ण एकामागून एक ज्याच्या हाताखालून जातात, तो म्हणजे या विभागाचा तंत्रज्ञ.

या कामाचा कणा टेक्निशियम-९९एम हे समस्थानिक आहे. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. म्हणजे सकाळी सहाला जितके होते त्याच्या निम्मे दुपारी बाराला, आणि पाव संध्याकाळी सहाला. इतक्या अल्पायुषी वस्तूचा साठा करता येत नाही, म्हणून तिची जननी असलेले मोलिब्डेनम-९९ शिशाच्या आवरणातील जनित्रात भरून रुग्णालयास पाठवितात. मोलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे. त्यातून टेक्निशियम निर्माण होत राहते आणि तंत्रज्ञ रोज सकाळी मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढतो. जगभरच्या तंत्रज्ञांनी या जनित्राला गाय म्हटले आहे आणि या क्रियेला दूध काढणे. दुधाच्या धंद्यावर संसार चालविणाऱ्या इंदापूर तालुक्याला ही उपमा समजावून सांगण्याचे कारण नाही. सकाळी धार काढलेल्या या गायीला सहा तासांनी पुन्हा सुमारे निम्मे दूध येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. फरक इतकाच की ही गाय रोज आटत जाते. सोमवारी आलेले जनित्र पुढच्या सोमवारी मूळच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून ज्या तपासण्यांना अधिक मात्रा लागते त्या आठवड्याच्या आरंभी आणि थायरॉइडसारख्या थोडक्यात भागणाऱ्या शेवटी, अशी आखणी तंत्रज्ञाला करावी लागते.

त्याचा दिवस रुग्णांच्या आधी उजाडतो. मापनयंत्र ठीक चालते काय, हे तपासावयाचे. काढलेल्या द्रवात मोलिब्डेनमचा अंश उतरला नाही ना, हे पाहावयाचे, कारण तो रुग्णाच्या अंगात जाता कामा नये. मग हाडांसाठी वेगळे, मूत्रपिंडासाठी वेगळे असे औषध शिशाच्या भिंतीआड तयार करावयाचे. दहा वाजता वीस मिलिक्युरी टोचावयाच्या असतील तर सात वाजता अठ्ठावीसच्या वर मोजून ठेवाव्या लागतात. आणि दहाला येणारा रुग्ण एस.टी. रखडल्यामुळे एकला आला, तर वीसच्या चौदा उरलेल्या असतात. हे गणित चुकले तर चित्र धूसर येते, किंवा रुग्णाला पुन्हा यावे लागते. कारकुनी वाटणाऱ्या या हिशेबावर कोणाच्या तरी कर्करोगाचा निर्णय अवलंबून असतो.

आता हा रुग्ण येतो कोठून, ते पाहा. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर, बारामतीहून सुमारे १००. हाडांच्या तपासणीत सुई टोचल्यावर दोन-तीन तास थांबावे लागते, भरपूर पाणी प्यावे लागते, मग चित्रे घेतात. पहाटे भिगवणच्या फाट्यावर उभे राहिलेले माणूस रात्री घरी परतते, आणि अहवालासाठी पुन्हा खेप. सोबत एक कर्ता माणूस, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील गावांना पाणी न पोहोचण्याचे दुःख या भागाने पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. आरोग्यव्यवस्थेच्या बाबतीतही इंदापूरची पूर्वेकडील गावे अशीच टेलला आहेत. महानगरांतील रुग्णालयांत, आणि बहुतांशी खासगी रुग्णालयांत, ही यंत्रे एकवटलेली. खाली येता येता सारे झिरपून जाते.

म्हणूनच बारामतीच्या शासकीय रुग्णालयात असा विभाग असावा, असे आमचे मत आहे. पण येथे एक निवड करावी लागेल, आणि ती कोनशिलेच्या झगमगाटात होऊ नये. आज पेट-स्कॅनचे नाव मोठे आहे. त्यास लागणाऱ्या फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे. सायक्लोट्रॉनपासून रस्त्याने अडीच तास लागले तर निघालेल्या पाच हिश्श्यांपैकी दोनच पोहोचतात, आणि घाटात वाहतूक तुंबली तर तेही नाही. याउलट मोलिब्डेनमचे जनित्र आठवड्यातून एकदा आले की विभाग चालतो. रस्त्यावर दोन तास अधिक गेले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. पेट निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही; अनेक कर्करोगांत ती अधिक सांगते. परंतु तालुक्याच्या गावी आधी काय चालू राहील, असा प्रश्न असेल, तर उत्तर गॅमा कॅमेरा आणि आठवड्याची गाय हेच आहे.

त्याच्याही आधी माणूस. या व्यवसायात सुरक्षिततेचे तीन मंत्र शिकविले जातात: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसे. पुस्तकात हे सोपे आहे. प्रत्यक्षात गुडघे धरलेली सत्तरीची आजी कॅमेऱ्याच्या अरुंद पाटावर चढू शकत नाही. ती घाबरलेली असते, तिला हात हवा असतो, कोणीतरी मावशी म्हणून जवळ येऊन बोलावे असे तिला वाटते. नियम म्हणतो दूर राहा, माणुसकी म्हणते जवळ जा. आणि चांगला तंत्रज्ञ जवळ जातो. जाण्यापूर्वी सारे समजावून सांगून तो वेळ वाचवितो, तेवढीच त्याची ढाल. छातीवरचा बिल्ला आणि बोटातली मापन-अंगठी हा हिशेब मुकाट्याने ठेवीत असतात.

वाचकांना उगाच भय घालण्याचा आमचा हेतू नाही. किरणकामगारास पाच वर्षांत मिळून १००, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही आपल्याकडील मर्यादा आहे. निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. नीट चाललेल्या विभागातील तंत्रज्ञ सहसा मर्यादेच्या बराच खाली राहतो. प्रश्न 'नीट चाललेल्या' या दोन शब्दांचा आहे. तिघांचे काम एकावर पडले की तिघांच्या वाट्याचे किरण तो एकटा घेतो. कोणी म्हणेल, वाटून घेतल्याने एकूण बेरीज थोडीच कमी होते? खरे आहे, पण घाईने ती वाढते. रांग लांबली की सिरिंजवरचे जड आवरण अडचणीचे वाटते, ते बाजूला राहते; चाचपडणारी शीर शोधताना बोटे द्रव्याजवळ अधिक काळ राहतात. पदे रिकामी ठेवून वाचविलेला पगार असा एका कामगाराच्या बोटांतून वसूल होतो. मर्यादा ओलांडली नाही, एवढ्यावर व्यवस्थापन समाधान मानते. परंतु १९६० चा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा ११५ क्रमांकाचा करार, जो भारताने १९७५ साली मान्य केला, तो मर्यादेपाशी थांबत नाही. कामगारावरील किरण व्यवहार्य तितके कमी ठेवावेत आणि अनावश्यक ते टाळावेत, असे तो बजावतो. रिकाम्या पदामुळे पडणारे किरण आवश्यक कसे ठरतात, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

कंत्राटी नेमणुकीचा प्रश्न येथे नेहमीपेक्षा तीव्र होतो. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. परंतु निर्णय मागे गेला म्हणून वृत्ती मागे गेली असे नव्हे. किरणसुरक्षेसाठी प्रत्येक विभागात एक जबाबदार अधिकारी असावा लागतो. लहान विभागात हे काम बहुधा तंत्रज्ञाच्याच गळ्यात पडते. म्हणजे ज्याने उद्या गरज पडल्यास काम थांबवावयाचे, त्याचाच करार अकरा महिन्यांनी नव्याने करावयाचा! असा अधिकारी काय थांबविणार? तीच गोष्ट स्त्री तंत्रज्ञांची. गर्भधारणा कळविल्यानंतर गर्भावर एक मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा पडू नये, असा दंडक आहे. त्यासाठी तिला दुसरे काम द्यावयाचे असते. कायम नोकरीतील स्त्री हे निर्धास्तपणे कळवील. कंत्राटावरची कळविण्याआधी दहादा विचार करील, आणि तो विचार चालू असताना गेलेले आठवडे परत येत नाहीत. नियम उत्तम आहे. तो वापरण्याची ताकद मात्र नेमणुकीच्या कागदातून येते.

यावर पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. हा प्रश्न करणाऱ्यांनी या विद्येचा इतिहास आठवावा. १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६० साली सायरस, १९८५ साली ध्रुव. १९६३ मध्ये परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणवैद्यक केंद्र उभे राहिले, तेथेच या देशाचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ शिकत आले. १९८९ साली समस्थानिके पुरविण्यासाठी स्वतंत्र मंडळ, ब्रिट, स्थापन झाले. हे सर्व लोकांच्या पैशातून झाले. २००९ च्या मे महिन्यात कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी भट्टी गळतीमुळे बंद पडली आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत बंदच राहिली, तेव्हा श्रीमंत देशांतील रुग्णालयांनाही तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. मूठभर जुन्या भट्ट्यांवर जगाचे मोलिब्डेनम अवलंबून ठेवण्याचे ते फळ होते. सार्वजनिक क्षेत्राने घडविलेली ही क्षमता जपावी, वाढवावी, आणि जिच्या खर्चाला कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यानेही कर भरला, ती त्याच्या दारापर्यंत यावी, यात अवाजवी काय आहे?

माणसेही येथेच आहेत. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे. या दोन तालुक्यांतून दरवर्षी विज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांतील कित्येक औषधकंपन्यांच्या दारांत पंधरा हजारांसाठी उभे राहतात. किरणवैद्यकाची पदविका अशा मुलामुलींसाठीच आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्याने न्यूक्लिअर मेडिसिनच्या तंत्रज्ञाला व्यावसायिक म्हणून नावही दिले. शासनाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन पाठवावे आणि परत येताच पद द्यावे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. बारामतीसाठी गॅमा कॅमेऱ्याचा प्रस्ताव होईल, तेव्हा त्याच कागदावर पदांचा आकृतिबंध मंजूर व्हावा: किमान तीन तंत्रज्ञ, सर्व कायम, आणि किरणसुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्यास काम थांबविण्याचा लेखी अधिकार. बिल्ल्याची तिमाही नोंद कामगारास आपोआप हाती मिळावी, मागावी लागू नये. इंदापूरच्या रुग्णांसाठी तपासणीच्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयातून गाडी सुटावी आणि तिच्या वेळेशी सुईची वेळ जुळविलेली असावी. पन्नासेक किलोमीटरचा तो रस्ता सव्वा-दीड तासाचा आहे. सहा तासांच्या टेक्निशियमला तो सहज परवडतो.