विश्लेषण : पीएचडीची मुलाखत एकतर्फीच का?

पेण-रोह्याचा विद्यार्थी पीएचडीच्या मुलाखतीला मुंबई विद्यापीठात जातो तेव्हा दिवा-रोहा मेमू किंवा एसटीने पनवेल, हार्बरने कुर्ला, मग कलिना. मुलाखत काही मिनिटांत आटोपते आणि संध्याकाळी तो घरी परततो.

या मिनिटांचे वजन आता वाढले आहे. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरण्याचे ठरवले. जेआरएफधारकांची निवड मुलाखतीवर होते. इतर पात्र उमेदवारांच्या नेट गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार. शिवाय त्यांचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

अमेरिकेत, विशेषतः जीवशास्त्राचे विभाग, उमेदवारांना दोन-तीन दिवस बोलावतात, खर्चही बहुधा विभागच करतो. प्राध्यापकांच्या स्वतंत्र भेटी होतात. एखादे जेवण फक्त सध्याच्या विद्यार्थ्यांसोबत असते, आणि कोणता गाइड कसा आहे हे तिथेच कळते. परदेशी उमेदवारांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा व्हिडिओ कॉलच येतो.

आपल्याकडे पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षे. एवढा काळ ज्याच्या हाताखाली काढायचा, त्याची प्रयोगशाळाही न पाहता होकार दिला जातो. उमेदवाराने प्रश्न विचारला तर आगाऊपणा वाटतो, हे आणखी वेगळे.

तरी मुलाखतीनंतर लगेच स्टेशन गाठू नये. विभागातल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात : फेलोशिप वेळेवर जमा होते का, आणि या गाइडकडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली? रोह्याकडच्या मेमू मोजक्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवावी.