‘वस्त्रहरण’ आणि आमची ‘अशुद्ध’ मराठी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधाच्या एका दाव्यात आमचे वृद्ध पक्षकार साक्षीला उभे राहिले. सौंसर तालुक्यातील संत्रा बागायतदार, घरची भाषा मराठी. नाव-गाव त्यांनी हिंदीत सांगितले. परंतु उलटतपासणीत डिवचले जाताच तोंडून निघून गेले, ‘मले काहून इचारता? नकाशा पाहा नं!’ हशा पिकला. हिंदी भाषक हसले याचे आम्हांस नवल वाटले नाही. पुण्याहून आलेले आमचे एक स्नेहीही हसले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘तुमच्याकडची मराठी मोठी गमतीची आहे हो!’ पक्षकारांनी मात्र उरलेली सारी जबानी हिंदीतच दिली.

असल्या हसण्याला मराठी रंगभूमीवर एकदा चोख उत्तर मिळाले आहे. ते उत्तर एका विनोदी नाटकाने दिले.

राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली व्यावसायिक रंगमंचावर आले. दिग्दर्शन रमेश रणदिवे यांचे, आणि तात्या सरपंचाच्या भूमिकेत मच्छिंद्र कांबळी. तोवर मराठी नाटकांत मालवणी ऐकू येई ती बहुधा घरगड्याच्या तोंडी. मालक प्रमाण मराठीत बोलणार, गडी मालवणीत, आणि हसायचे ते गड्याला, अशी ती रीत होती. गवाणकरांनी ती उलटवली. कथानक साधे आहे : कोकणातील एका गावची मंडळी द्रौपदी-वस्त्रहरणाचा पौराणिक खेळ बसवतात आणि त्याचा पुरता बोजवारा उडतो. पात्रे घोटीव, संस्कृतप्रचुर संवाद म्हणू लागतात आणि दुसऱ्याच वाक्याला मालवणीवर घसरतात. प्रेक्षक हसतो तो मालवणीला नव्हे. उसन्या अंगरख्यासारख्या त्या पुस्तकी भाषेला. वस्त्रहरण होते ते तिचे!

आरंभी या नाटकाला गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून पत्राने मनापासून दाद दिली, आणि त्यानंतर नाटकाचे दैव फिरले. प्रयोगसंख्या पाच हजारांच्या पुढे गेली, खेळ लंडनलाही झाला. २०१६ साली ठाण्यात भरलेल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गवाणकरांना मिळाले. ज्या बोलीला दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती, तिचा लेखक संमेलनाच्या व्यासपीठावर मध्यभागी बसला. मराठवाड्याच्या बोलीचेही असेच झाले. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने अर्धशतकाहून अधिक पात्रे उभी केली. (त्या नावातले वऱ्हाड लग्नाचे, आमच्या शेजारचे नव्हे. आमच्याकडील कित्येकांची आधी फसगत होते.)

मग पांढुर्णा-सौंसरच्या बोलीत काय उणे आहे? ‘मला-तुला’ऐवजी ‘मले-तुले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘जात आहे’ऐवजी ‘जाऊन राह्यला’. या चुका नव्हेत. त्यांना नियम आहेत, आणि ते नियम नागपूर-वऱ्हाडपर्यंत सलग चालतात. ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला दिला; त्यात नागपुरी आणि वऱ्हाडी यांची रीतसर नोंद आहे. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पण ‘काहून’ हा शब्द काही जाम नदीवर थांबला नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पाट्या बदलल्या. घरातली बोली तीच आहे.

आम्ही कायद्याची माणसे. आम्हांला पहिल्यांदा अनुच्छेद ३५०-क आठवतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटना राज्यांना सांगते. त्यासाठी अर्ज-विनंत्या आम्ही करतो आणि करीत राहू. परंतु ‘तुझी मराठी मराठीच नव्हे’ असे जिला सांगितले गेले, ती आई मुलाला मराठी शाळेत का घालील? त्या लाजेवर कोणताही अनुच्छेद लागू पडत नाही, नाटक लागू पडते.

‘वस्त्रहरण’ला मुंबईतील कोकणी चाकरमान्यांचा आधार होता, आमच्या मागे असे महानगर नाही, हा आक्षेप खरा आहे. तरी पूर्व विदर्भातील झाडीपट्टी पाहा. वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडपांत रात्रभर नाटके चालतात, लोक तिकीट काढून येतात. तेथील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. वऱ्हाडी विनोदाला तर डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’ने भरभरून श्रोते मिळवून दिले. म्हणजे या बोलीचे कान तयार आहेत. उणीव आहे ती आमच्या तालुक्यांतील माणसे, त्यांचे बांध, त्यांची संत्री आणि दोन भाषांत होणारी त्यांची ओढाताण रंगमंचावर आणणाऱ्या संहितेची. मराठीत विचार करून हिंदीत जबानी देणारा साक्षीदार याहून उत्तम विनोदी पात्र कोणते? फक्त या वेळी हसायचे ते त्याला नव्हे, तपासणाऱ्याला.

नरखेड, काटोल, वरुड येथील वाचकांना आमची विनंती आहे. आपल्याकडे अशी संहिता लिहिलेली असेल, अर्धी असली तरी, ती घेऊन पांढुर्ण्यास या. भाषा ‘शुद्ध’ करून मात्र आणू नका. मंडप आणि प्रेक्षक यांची जबाबदारी आमची. त्या वृद्ध पक्षकारांना आम्ही पहिल्या रांगेत बसवणार आहोत.